खुनी कोण? उत्तरासाठी तेहतीस वर्षांची प्रतीक्षा

क्रिकेटचा किंवा मोटारशर्यतीचा व्हिडीओ गेम कितीही वेळा खेळता येतो. खून कोणी केला, हे शोधून काढण्याचा खेळ मात्र खऱ्या अर्थाने एकदाच खेळता येतो. उत्तर कळले की त्यातली जान गेली. मग पुन्हा कितीही हौसेने सुरुवात केली तरी खेळणाऱ्याची नजर त्या एका पात्रावरून हटत नाही. म्हणूनच जपानी रहस्यप्रधान साहसखेळांच्या चाहत्यांच्या आयुष्यात खेळण्याच्या तासांपेक्षा वाट पाहण्याची वर्षे अधिक असतात. नवा खेळ कधी येणार, आला तर त्याचा इंग्रजी अनुवाद होणार की नाही, आणि तोवर कोणी खुन्याचे नाव फोडणार तर नाही ना, या तीन काळज्या त्यांच्या पाचवीला पुजलेल्या आहेत.

या खेळांत हाताच्या चपळाईला फारसे काम नसते. पडद्यावर एखादी खोली, एखादे स्थानक किंवा एखादा साक्षीदार दिसतो. खेळणारा पाहतो, विचारतो, शोधतो, एखादी वस्तू उचलून ठेवतो आणि पुढच्या ठिकाणी जातो. मजकूर कादंबरीइतका असतो, काही वेळा त्याहूनही मोठा. फरक एवढाच, की कादंबरीतला गुप्तहेर वाचकाची वाट न पाहता निष्कर्षाला पोहोचतो, तर येथे खेळणाऱ्याला उलगडा होईपर्यंत कथा त्याच वळणावर थांबून राहते.

या प्रकाराचा जपानमधील उगम बहुतेक जण १९८३ साली आलेल्या 'पोर्टोपिया मालिका हत्याकांड' या खेळात पाहतात. युजी होरी या तरुणाने तो एनईसी कंपनीच्या घरगुती संगणकासाठी रचला आणि एनिक्सने प्रसिद्ध केला. कथा कोबे या बंदराच्या शहरात घडते. कर्जे देणाऱ्या एका कंपनीचा प्रमुख बंद खोलीत मृतावस्थेत सापडतो आणि तपासाची सूत्रे खेळणाऱ्याकडे येतात. हाताखाली यासू नावाचा सहायक असतो. 'तिकडे जा', 'याला विचार', 'ते उचल' असे हुकूम खेळणाऱ्याने टंकलिखित करायचे आणि यासूने ते पार पाडायचे, अशी योजना होती. अडचण अशी की संगणकाला मोजकेच शब्द कळत. योग्य कल्पना सुचली तरी नेमका शब्द न सापडल्यामुळे तपास अडून बसे. १९८५ साली हा खेळ निन्तेन्दोच्या फॅमिकॉम यंत्रावर आला तेव्हा टंकलेखन काढून टाकून हुकुमांची यादीच पडद्यावर देण्यात आली, आणि पुढील अनेक वर्षे हीच पद्धत रूढ झाली. होरी यांनी त्यानंतर 'ड्रॅगन क्वेस्ट' निर्माण केला आणि ते जगप्रसिद्ध झाले. 'पोर्टोपिया'तील खुन्याचे नाव मात्र जपानमध्ये इतके सर्वतोमुखी झाले की, ज्यांनी तो खेळ कधी पाहिलाही नाही त्यांनाही ते ठाऊक असते. येथे ते न सांगणेच इष्ट.

याच खेळाची पुढची गोष्ट मोठी उद्बोधक आहे. २०२३ साली स्क्वेअर एनिक्सने त्याची एक प्रायोगिक आवृत्ती विनामूल्य उपलब्ध केली. खेळणाऱ्याने आपल्या नेहमीच्या भाषेत हवे ते लिहावे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने यासूने त्याचा अर्थ लावावा, अशी ती कल्पना. संगणकाने स्वतःची वाक्ये रचून उत्तरे देण्याची सोय मात्र त्यातून वगळण्यात आली होती, कारण तो काही अनुचित बोलून बसेल ही धास्ती कंपनीला होती. परिणामी साधी सरळ वाक्ये लिहूनही यासू गोंधळून जाई, आणि खेळणाऱ्यांनी या प्रयोगावर टीकेची झोड उठवली. चाळीस वर्षांनंतरही घोडे त्याच शब्दापाशी अडले होते. यंत्राला भाषा किती समजते, यापेक्षा लेखकाने प्रश्न किती नेमका मांडला आहे, यावरच रहस्यखेळाचे यश ठरते, हे यातून पुन्हा दिसले.

जपानमध्ये या खेळांना मिळालेला लोकाश्रय आकाशातून पडलेला नाही. एडगर ॲलन पो या नावाच्या उच्चारावरून 'एदोगावा रानपो' हे टोपणनाव घेणाऱ्या लेखकाची पहिली रहस्यकथा १९२३ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४६ साली, सेइशी योकोमिझो यांनी 'होन्जिन हत्याकांड' लिहून किन्दाइची हा गुप्तहेर वाचकांपुढे आणला. ती कथा ओकायामा भागातील एका खेड्यात घडते. पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यानात फिरणाऱ्यांना हे नाव परके नाही, कारण ते उद्यान ओकायामातील प्रसिद्ध बागेच्या धर्तीवरच उभारलेले आहे. या परंपरेला जपानीत 'होन्काकु', म्हणजे अस्सल, असे म्हणतात. सर्व धागेदोरे वाचकासमोर उघडे ठेवायचे आणि तरीही त्याला चकवायचे, हा तिचा दंडक. १९८७ साली युकितो आयात्सुजी यांच्या पहिल्या कादंबरीने या परंपरेला नवा बहर आणला आणि त्याच पिढीतील ताकेमारु आबिको यांनी १९९४ साली चुन्सॉफ्ट कंपनीसाठी 'कामाइताची नो योरु' या खेळाची कथा लिहिली. बर्फात अडकलेले विश्रामगृह, निळसर सावल्यांसारखी दिसणारी पात्रे आणि पडद्यावर उमटत जाणारा मजकूर, बस्स. निर्णायक क्षणी खेळणाऱ्यापुढे संशयितांची यादी येत नाही. खुन्याचे नाव त्याने स्वतः लिहायचे असते. अंदाजपंचे दाहोदरसे करणाऱ्याची तेथे डाळ शिजत नाही, आणि चुकल्यास एकेक करून सगळेच मारले जाऊ शकतात.

कॅपकॉमच्या शू ताकुमी यांनी २००१ साली हा डाव न्यायालयात नेला. 'ग्याकुतेन साइबान' या मालिकेत, जी पुढे इंग्रजीत 'एस अ‍ॅटर्नी' म्हणून ओळखली गेली, खेळणारा बचावपक्षाचा वकील असतो. साक्षीदाराची जबानी वाक्यावाक्याने पडद्यावर येते. एखाद्या वाक्यावर त्याला अधिक छेडायचे, किंवा ते वाक्य ज्या पुराव्याशी विसंगत आहे तो पुरावा नेमक्या त्याच वाक्यावर पुढे करायचा. एवढ्याशा युक्तीतून उलटतपासणीचा थरार निर्माण होतो. ताकुमी यांच्या न्यायालयात निकाल तीन दिवसांत लागतो आणि पोपटालाही साक्षीसाठी उभे करता येते. कायद्याचे अभ्यासक हे पाहून कपाळावर हात मारतील. पण खोटे नेमके कोठे बोलले गेले ते हुडकण्याचा आनंद त्यात शंभर नंबरी आहे.

अडचण सुरू होते ती हा खेळ जपानबाहेर न्यायचा म्हटले की. नायकाचे मूळ आडनाव 'नारुहोदो'. जपानीत या शब्दाचा अर्थ 'अस्सं होय!' असा होतो, आणि तपासात पुढे सरकताना माणूस हेच उद्गारत असतो. इंग्रजीत त्याचा 'फिनिक्स राइट' झाला. विनोद गेला, दुसरा आला. नावांचे एक वेळ भागते, पण धागेदोरे भाषेतच गुंतलेले असले तर काय करायचे? जपानीत 'मी' या एका शब्दाला अनेक पर्याय आहेत आणि बोलणारा कोणता वापरतो यावरून त्याचे वय, वळण, पुष्कळदा स्त्री-पुरुषत्वही सूचित होते. उलट क्रियापदावरून मात्र लिंग कळत नाही. निनावी पत्रात 'मी काल तेथे गेलो' की 'गेले', हे जपानी आणि इंग्रजी अनुवादक सहज झाकू शकतो. मराठी अनुवादक पहिल्याच वाक्यात पकडला जाईल. बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेल्या वाचकाला यातली मेख लगेच कळावी. लाखो शब्दांचा असा मजकूर, त्यातील प्रत्येक दुवा शाबूत ठेवून दुसऱ्या भाषेत आणायचा आणि विक्री मर्यादितच होणार, तेव्हा कंपन्या हात आखडता घेतात यात नवल नाही.

प्रतीक्षेचे आकडे त्यामुळेच अचंबित करणारे आहेत. निन्तेन्दोचे योशिओ साकामोतो यांनी लिहिलेले 'फॅमिकॉम डिटेक्टिव्ह क्लब' मालिकेतील पहिले दोन खेळ १९८८ आणि १९८९ साली आले. नव्या चित्रांसह आणि इंग्रजी मजकुरासह ते जगभर पोहोचले २०२१ साली. पहिल्या खेळापुरते बोलायचे तर ही तेहतीस वर्षे झाली. 'एस अ‍ॅटर्नी' मालिकेतील सरकारी वकील माइल्स एजवर्थच्या दुसऱ्या खेळाला जपानमध्ये २०११ साली प्रकाशन लाभले, अधिकृत इंग्रजी रूप मिळाले २०२४ साली. मधल्या काळात चाहत्यांनी स्वतःच त्याचा अनुवाद करून टाकला होता. मेइजी काळातील जपान आणि व्हिक्टोरियन लंडन यांची सांगड घालणारे याच मालिकेतील दोन खेळ २०१५ व २०१७ साली निघाले आणि २०२१ साली इंग्रजीत आले. त्यात शेरलॉक होम्स आहे, पण इंग्रजी आवृत्तीत त्याला 'हर्लॉक शोल्म्स' हे नाव धारण करावे लागले. तेथे भेटणारे नात्सुमे सोसेकी हे मात्र खरेखुरे कादंबरीकार. विसाव्या शतकाच्या आरंभी ते लंडनमध्ये राहिले होते. मालिकेच्या चाहत्यांची खंत वेगळीच आहे. २०१७ नंतर २०२४ पर्यंत जे जे आले ते जुन्यांचे संकलन होते. नवा खटला उभा राहिला नाही.

वाट पाहणे हाच खेळाचा भाग कसा बनवता येतो, याचा वस्तुपाठ २०२४ सालच्या जुलैत पाहायला मिळाला. निन्तेन्दोने काही सेकंदांची एक चित्रफीत प्रसारित केली. तीत लांब कोट घातलेला एक माणूस उभा होता, डोक्यावर कागदी पिशवी आणि पिशवीवर रेखाटलेले हसू. एक 'एमिओ' हे नाव सोडले तर बाकी काही नाही. मुलांच्या खेळांसाठी ख्यातनाम कंपनीने हे भयंकर काय आणले, म्हणून तर्कांना ऊत आला. आठवडाभराने उलगडा झाला, की हा 'फॅमिकॉम डिटेक्टिव्ह क्लब'चाच पस्तीस वर्षांनी येणारा नवा भाग आहे. २९ ऑगस्ट रोजी तो जगभर एकाच दिवशी आणि एकाच वेळी अनेक भाषांत उपलब्ध झाला. जपानीत आधी खेळून झालेल्यांनी इतरांचा रसभंग करण्याची भीती या एका निर्णयाने बरीच कमी केली. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. त्यांना अनुवादासाठी थांबण्याची गरज नव्हती, पण या वेळी त्यांनाही इतरांवर आघाडी घेता आली नाही.

सर्वांचीच प्रतीक्षा फळाला येते असे नाही. 'हॉटेल डस्क' हा २००७ सालचा खेळ निन्तेन्दो डीएस हे यंत्र पुस्तकासारखे उभे धरून खेळायचा होता; पेन्सिलीने काढल्यासारखी हलती पात्रे हे त्याचे वैशिष्ट्य. तो घडवणाऱ्या सिंग या छोट्या कंपनीचा त्याचा उत्तरभाग २०१० साली जपानमध्ये आणि युरोपात पोहोचला, अमेरिकेत तो गेलाच नाही. त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. तिच्याच 'अनदर कोड' या खेळाचे नवे रूप २०२४ साली निन्तेन्दोने आणल्यापासून 'हॉटेल डस्क'चे चाहते पुन्हा डोळे लावून बसले आहेत.

या प्रकारात पैशाचा जुगार किती मोठा असतो, याची कल्पना काझुताका कोदाका यांच्या वाटचालीवरून येते. बंदिस्त शाळेत विद्यार्थी एकमेकांचे खून करतात आणि वर्गातच खटला चालतो, अशा 'डांगनरोन्पा' मालिकेमुळे २०१० पासून त्यांचे नाव झाले. पुढे २०१७ साली त्यांनी 'टू क्यो गेम्स' ही स्वतःची संस्था काढली. '९९९' आणि 'एआय: द सोम्नियम फाइल्स'चे लेखक कोतारो उचिकोशी हेही त्यांच्यासोबत आले. दोघांनी मिळून 'द हंड्रेड लाइन' हा शंभर निरनिराळे शेवट असलेला खेळ रचला. तो निव्वळ रहस्यखेळ नव्हे, त्यात लढाईही आहे. त्यासाठी संस्थेने मोठे कर्ज काढले असून खेळ चालला नाही तर ती टिकणार नाही, असे कोदाका यांनी प्रकाशनाच्या सुमारास उघडपणे सांगितले होते. २४ एप्रिल २०२५ रोजी तो प्रसिद्ध झाला आणि त्याचे चांगले स्वागत झाले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी एक घोषणा झाली. 'डांगनरोन्पा'चा २०१२ सालचा दुसरा भाग 'टू बाय टू' या नावाने २०२६ साली नव्याने आणण्याचे ठरले. जुनी कथा त्यात आहेच. पण तीच पात्रे आणि तेच बेट घेऊन दुसरी एक संपूर्ण कथाही योजली आहे, जीत बळी वेगळे आणि खुनीही वेगळे. ज्यांना मूळ भागातील प्रत्येक खुनी तोंडपाठ आहे, त्यांना ओळखीच्या चेहऱ्यांकडे नव्याने संशयाने पाहावे लागणार आहे.