औषधी वनस्पती, पशुखाद्यातील

रवंथ करणाऱ्या जनावरांचे पचन सुधारावे, दूध वाढावे किंवा कृमींचा उपद्रव कमी व्हावा, या हेतूने काही औषधी वनस्पती त्यांच्या आहारात अल्प प्रमाणात मिसळतात. यूरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून, वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविके घालण्यास पूर्ण बंदी केली. त्यानंतर या वनस्पतींच्या संशोधनास विशेष चालना मिळाली.

क्रिया : गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी रोमंथिका हा सर्वांत मोठा होय. त्यातील सूक्ष्मजीव वैरण आंबवून वसाम्ले तयार करतात आणि जनावराची बरीचशी ऊर्जेची गरज त्यांतून भागते. याच क्रियेत मिथेन वायू निर्माण होऊन खाद्यातील सु. २ ते १२% ऊर्जा वाया जाते. वनस्पतीतील द्रव्यांची गाठ प्रथम या सूक्ष्मजीवांशी पडते. रिठ्यातील (लॅ. सॅपिंडस ट्रायफोलिएटस) सॅपोनीन आदिजीवांची संख्या घटविते, तथापि जंतू त्याचे विघटन करू लागल्यावर हा परिणाम ओसरतो. लसणामुळे मिथेन घटल्याचे प्रयोगांत आढळले आहे. मात्र दुधाला त्याचा वास येतो. शतावरीची (लॅ. ॲस्परॅगस रॅसिमोसस) मुळे दूधवाढीसाठी परंपरेने देतात. प्रयोगांतील निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत.

टॅनीन : हिरडा व बाभळीच्या शेंगा यांत टॅनीन विपुल असते. ते प्रथिनांशी संयोग पावते. आहारात प्रथिने मुबलक असल्यास ती रोमंथिकेत वाया न जाता पुढे आतड्यात पोहोचतात. शेळ्यामेंढ्यांतील जठरकृमीही काही प्रकारच्या टॅनिनांमुळे कमी होतात. शुष्क भाराच्या सु. ५ टक्क्यांपेक्षा अधिक टॅनीन झाल्यास मात्र खाणे व पचन दोन्ही मंदावतात.

मराठवाड्यातील उपयोग : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व लगतच्या जिल्ह्यांत उन्हाळ्यात जनावरांची भिस्त ज्वारीचा कडबा व बाजरीचे सरमाड यांवर असते. सूक्ष्मजीवांच्या वाढीस आहारात सु. ७% प्रथिने लागतात. कडब्यात ती याहून बरीच कमी असतात. अशा आहारात टॅनीनयुक्त चूर्ण मिसळल्यास असलेली प्रथिनेही अडकून पडतात व जनावर अधिकच खंगते. दुष्काळात हा धोका वाढतो. म्हणून प्रथम सरकीची पेंड किंवा द्विदल हिरवी वैरण देऊन प्रथिनांची उणीव भरून काढावी. त्यानंतरच वनस्पतीची योजना पशुवैद्याच्या सल्ल्याने व मोजून करावी. औषधी वनस्पती ही खाद्याला पूरक असते. ती वैरणीची जागा घेऊ शकत नाही.