लॅपटॉपचा मायक्रोफोन मुका झाला तर

आपला आवाज दूरच्या माणसास ऐकू जावा, ही माणसाची फार जुनी हौस आहे. हैदराबाद संस्थानात 1935 साली सरकारी नभोवाणी सुरू झाली व तिच्यावर उर्दूबरोबर तेलुगु, मराठी आणि कानडी कार्यक्रमही होऊ लागले. 1950 साली ती ऑल इंडिया रेडिओत सामील झाली. त्या काळी मायक्रोफोन ही नभोवाणीगृहात किंवा सभेच्या व्यासपीठावरच दिसणारी वस्तू होती. ती बिघडली तर पाहावयास जाणता कामगार हजर असे. आज तोच मायक्रोफोन तांदळाच्या दाण्याएवढा होऊन घरोघरच्या लॅपटॉपात जाऊन बसला आहे, आणि तो बिघडला तर पाहावयास घरातील मंडळींवाचून दुसरे कोणी नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हापासून आपल्या सामाजिक जीवनाचा बराच भाग पडद्यावर आला व टाळेबंदी उठल्यावरही तेथे राहिला. संस्थांच्या सभा, भजनाचे वर्ग, मुलांच्या शिकवण्या, नोकरीच्या व शिष्यवृत्तीच्या मुलाखती, डॉक्टरांचा सल्ला, एवढेच नव्हे तर श्रद्धांजलीच्या सभाही आता लॅपटॉपसमोर बसून होतात. अशा प्रसंगी एखादे वृद्ध सभासद मनापासून बोलत असतात, ओठ हलताना दिसतात, आणि पलीकडून मात्र "आपला आवाज येत नाही" असे शब्द येतात. त्यांचा हिरमोड होतो. पुढच्या सभेस ते बसतच नाहीत. दोष असतो बहुधा एका बटणाचा, आणि गप्प बसतो तो माणूस. म्हणून हा विषय क्षुल्लक समजू नये.

आवाजाचा प्रवास

दुरुस्तीपूर्वी यंत्राची थोडी ओळख असावी. मायक्रोफोनमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. आपल्या आवाजाने हवा कंप पावते, तिच्याबरोबर पडदा हलतो व त्या हालचालीचे विजेच्या लहरींत रूपांतर होते. 1962 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट या दोघांनी कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पडदा वापरून स्वस्त व लहान मायक्रोफोन तयार केला. पुढे कित्येक वर्षे टेलिफोनपासून टेपरेकॉर्डरपर्यंत हाच प्रकार चालला. आजच्या लॅपटॉपात बहुधा सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेला त्याहूनही सूक्ष्म मायक्रोफोन असतो. पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या आजूबाजूस टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, ती त्याचीच. काही लॅपटॉपांत ती कळफलकाजवळ किंवा खालच्या कडेला असतात.

आवाज त्या छिद्रातून आत शिरला म्हणजे लगेच पलीकडे पोहोचला असे नाही. त्यास चार दारे ओलांडावी लागतात. पहिले दार स्वतः मायक्रोफोनचे. दुसरे, मायक्रोफोन व संगणक यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या 'ड्रायव्हर' नावाच्या कार्यक्रमाचे. तिसरे, विंडोजच्या परवानगीचे. चौथे, झूम किंवा गूगल मीट यांसारख्या बैठकीच्या कार्यक्रमाचे. चारांपैकी एकही दार बंद असले तरी परिणाम एकच, शांतता. म्हणून दुरुस्ती म्हणजे मुख्यतः कोणते दार बंद आहे ते शोधणे होय. मायक्रोफोन खरोखर मोडल्याचे प्रकार कमी. दार लागलेले असण्याचे प्रकारच फार.

प्रथम सोपे पाहावे

1. आपला आवाज एकासच येत नाही की सर्वांस, हे विचारावे. एकट्यासच येत नसेल, तर दोष त्याच्या स्पीकरचा असण्याचा संभव अधिक.

2. पडद्यावरील मायक्रोफोनच्या चित्रावर तिरकी रेघ असेल, तर आवाज बंद आहे. चित्रावर एकदा दाबावे. सभेच्या चालकांनी सर्वांचे आवाज बंद केले असतील, तर त्यांस हात वर करून कळवावे. झूममध्ये प्रवेश करताना 'जॉईन ऑडिओ' दाबावयाचे राहून गेले, तरीही आपण मुकेच राहतो.

3. कित्येक लॅपटॉपांच्या कळफलकावरील वरच्या ओळीत मायक्रोफोनचे चित्र असलेली कळ असते. लहान मुलाच्या हाताने किंवा पुसताना ती दाबली जाते. तिच्यावर दिवा लागलेला असेल, तर बहुधा मायक्रोफोन बंद आहे असे समजावे. कळ पुन्हा दाबावी. नुसती दाबून न भागल्यास 'एफएन' कळीसह दाबावी.

4. लॅपटॉप भलत्याच मायक्रोफोनकडे कान लावून बसला नाही ना, हे पाहावे. हा दोष फसवा आहे. समजा, आजी बाहेरच्या खोलीत परदेशी असलेल्या नातवाशी बोलत आहेत, आणि सूनबाईंचा बिनतारी इअरफोन स्वयंपाकघरात चालू आहे व तो लॅपटॉपशी जोडलेला आहे. अशा वेळी नातवास आजींचे बोलणे येत नाही; कुकरची शिटी मात्र ऐकू येते! घरचे नवा लॅपटॉप घेण्याचा विचार करू लागतात, आणि उपाय असतो फक्त ब्लूटूथ बंद करण्याचा.

निदानाची गुरुकिल्ली

एवढ्याने काम न झाल्यास सभेतून बाहेर पडावे व विंडोजमधील 'साउंड रेकॉर्डर' (विंडोज 10 मध्ये 'व्हॉइस रेकॉर्डर') उघडून स्वतःची दोन वाक्ये ध्वनिमुद्रित करून ऐकावीत. आवाज मुद्रित झाला, तर पहिली तीन दारे उघडी आहेत असे ठरले; दोष बैठकीच्या कार्यक्रमात आहे. मुद्रित झाला नाही, तर दोष लॅपटॉपात किंवा विंडोजच्या व्यवस्थेत आहे. ह्या एका परीक्षेने अर्धे काम वाचते.

दोष बैठकीच्या कार्यक्रमात असल्यास झूममध्ये मायक्रोफोनच्या चित्राशेजारील लहान बाण दाबावा व यादीतून लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडावा. तेथेच आवाजाची परीक्षा घेण्याचीही सोय आहे. गूगल मीट ब्राउझरमधून चालत असेल, तर पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकास असलेले चिन्ह दाबावे व मायक्रोफोनला परवानगी द्यावी. पहिल्यांदा विचारले तेव्हा घाईने 'ब्लॉक' दाबले गेले असेल, तर ब्राउझर पुन्हा विचारीत नाही, हे लक्षात ठेवावे.

दोष विंडोजमध्ये असल्यास 'सेटिंग्ज' उघडून 'सिस्टीम', 'साउंड' व 'इनपुट' येथे जावे. योग्य मायक्रोफोन निवडलेला आहे काय व आवाजाची पातळी शून्यावर तर नाही ना, हे पाहावे. नंतर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मधील 'मायक्रोफोन' उघडावे. विंडोज 10 मध्ये ह्या भागास नुसते 'प्रायव्हसी' म्हणतात. तेथे सामान्य कार्यक्रमांस व 'डेस्कटॉप ॲप्स' यांस परवानगी देणारी वेगवेगळी बटणे आहेत; दोन्ही चालू हवीत. मॅक संगणकावर हीच परवानगी 'सिस्टीम सेटिंग्ज' मधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' येथे मिळते.

त्यानंतर लॅपटॉप एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण अडकलेला ड्रायव्हर त्याने पुष्कळदा मोकळा होतो. तरीही न जमल्यास 'डिव्हाइस मॅनेजर' मधील 'ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स' पाहावे. मायक्रोफोनच्या नावावर खाली तोंड केलेला बाण असेल, तर तो बंद केलेला आहे. त्यावर उजवी कळ दाबून 'इनेबल' करावे. एखाद्या विंडोज सुधारणेनंतर बिघाड झाला असेल, तर लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्याच अधिकृत संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा.

यंत्राचाच दोष असल्यास

छिद्रावर चिकटपट्टी, कॅमेरा झाकण्याची पट्टी किंवा धूळ आहे काय, हे पाहावे. मऊ कोरड्या कुंचल्याने हलकेच झाडावे. टाचणी घालू नये. पाण्याचा अगर अत्तराचा थेंबही लावू नये. पडदा एवढा नाजूक असतो की एका टोचण्याने तो कायमचा जातो.

मग बाहेरचा मायक्रोफोन लावून पाहावा. इअरफोनच्या पिनेवर तीन काळे पट्टे असतील, तर त्यास बहुधा मायक्रोफोन आहे. दोनच असतील, तर तो फक्त ऐकण्याचा आहे, त्यात बोलून उपयोग नाही. बाहेरचा चालला व आतला चालला नाही, म्हणजे आतील मायक्रोफोन किंवा बिजागरीतून जाणारी त्याची तार निकामी झाली असे समजावे. तरीही लॅपटॉप टाकून देण्याचे कारण नाही. यूएसबीचा साधा हेडसेट काही शेकड्यांत मिळतो व कित्येकदा आतल्यापेक्षा स्पष्ट ऐकू जातो. मलकपेठेतून कोठीची गुजराती गल्ली जवळ आहे. सिकंदराबादेत पार्कलेनवरील चिनॉय ट्रेड सेंटर प्रसिद्ध आहे. दुरुस्तीस देण्यापूर्वी फोटो व कागदपत्रांची प्रत काढून ठेवावी व पावती घ्यावी.

भजनी मंडळासाठी विशेष

मायक्रोफोन चालतो, बोलणे ऐकू जाते, पण पेटी आणि टाळ मधूनच गडप होतात, अशी तक्रार पुष्कळ असते. हा बिघाड नव्हे. बैठकीचे कार्यक्रम मनुष्याचे बोलणे तेवढे ठेवून बाकीचा आवाज गोंगाट समजून गाळतात. सतत वाजणारा तंबोरा त्यांना पंख्यासारखा वाटतो! झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' ही सोय चालू केली, म्हणजे वाद्ये जशीच्या तशी जातात. त्यावेळी ऐकणाऱ्यांनी आपापले मायक्रोफोन बंद ठेवावेत. एकाच खोलीत दोन यंत्रांवरून सभेस बसल्यास किंकाळीसारखा आवाज उठतो. एका यंत्राचा मायक्रोफोन व स्पीकर दोन्ही बंद करावेत. मलकपेठेच्या हमरस्त्यावर गाड्यांचे भोंगे अखंड चालू असतात व 2018 पासून वरून मेट्रोही धावते. तेव्हा शक्यतो आतल्या खोलीत, खिडकी लावून बसावे.

एक सावधगिरी

मदतीसाठी इंटरनेटवर सापडलेल्या कोणत्याही 'कस्टमर केअर' क्रमांकावर फोन करू नये. "आम्ही दुरून दुरुस्त करतो" असे सांगून लॅपटॉपाचा ताबा घ्यावयाचा व बँकेचे खाते रिकामे करावयाचे, हा धंदा जोरात आहे. मायक्रोफोनच्या दुरुस्तीस ओटीपीची कधीही गरज नसते. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न करता 1930 ह्या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे.

शेवटी तरुण सभासदांस एक सूचना. सभा सुरू होण्यापूर्वी पंधरा मिनिटे आधी प्रवेश खुला ठेवावा व ज्येष्ठांपैकी प्रत्येकास दोन शब्द बोलावयास सांगून आवाज पारखून घ्यावा. घरी आजी-आजोबांस वरील क्रम एकदा शेजारी बसून, त्यांच्याच हाताने करवून दाखवावा. आपण पटकन करून मोकळे होऊ नये. संस्थेची पंचवीस-पन्नास वर्षांची हकीकत ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांचा आवाज एका कळीपायी सभेत अडून राहणे आपणास परवडणारे नाही.