पेटंट आणि आपण (लेखांक ६) : सस्काटूनच्या कोर्टातली कॅनोला

मोठ्या लॉ फर्ममध्ये पेटंटचा अर्ज लिहिणारे एजंट वेगळे असतात आणि त्या पेटंटसाठी कोर्टात भांडणारे वकील वेगळे. पण वकिलाची सारी मदार असते ती एजंटाने कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेल्या क्लेमवर. नेमकं काय आपल्या मालकीचं, हे ती वाक्यं सांगतात. कॅनडातल्या सस्काटूनमध्ये जून २००० मध्ये चाललेल्या खटल्यात याचा पुरता कस लागला.

जवळच्या ब्रुनो गावचे शेतकरी पर्सी श्माइझर यांच्यावर मॉन्सँटो या बियाणं कंपनीने कॅनोला या तेलबियांच्या पिकावरून दावा लावला होता. वाऱ्यावर उडून आलेल्या बियांसाठी शेतकऱ्याला कोर्टात खेचलं, अशी ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते. ती अर्धीच आहे. १९९७ मध्ये श्माइझर यांनी आपल्या शेतातल्या रस्त्याकडेच्या कॅनोलावर राउंडअप हे तणनाशक फवारलं. बरीच रोपं तगली. त्या शेतातलं बी त्यांनी राखलं आणि १९९८ मध्ये सुमारे १,०३० एकरांवर पेरलं. तपासणीत ९५ ते ९८ टक्के पीक राउंडअपला दाद न देणारं निघालं. पहिलं बी कुठून आलं, हा मुद्दा न्यायाधीश मॅके यांनी निर्णायक मानला नाही. माहीत असून, किंवा माहीत असायला हवं असताना, राखून पेरलं हे त्यांना पुरेसं वाटलं.

खरा पेच पुढेच होता. राउंडअपला दाद न देणाऱ्या रोपांसाठी मॉन्सँटोला १९९३ मध्ये मिळालेल्या पेटंटमध्ये जनुक आणि पेशी यांवर क्लेम होते, अख्ख्या रोपावर नव्हता. कॅनडाचं पेटंट कार्यालय रोपांना, प्राण्यांना पेटंट देत नसे; २००२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने पेटंट मागितलेल्या उंदराच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. मग ज्यावर पेटंट नाही ते रोप लावणं हे पेटंटचं उल्लंघन कसं? श्माइझर यांचे सस्काटूनचे वकील टेरी झाक्रेस्की यांच्या युक्तिवादाचं बळ इथे होतं. २१ मे २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला: पेशींवर पेटंट असेल, तर त्या पेशींचं पीक घेणं हाही पेशींचा वापरच. मला अल्पमतातल्या न्यायमूर्ती आर्बर यांचं म्हणणं जास्त पटतं. पुढच्या दाराने जे नाकारलं, ते मागच्या दाराने द्यायचं कशाला?

पैशांच्या बाबतीत मात्र श्माइझर सुटले. खालच्या कोर्टाने नफ्यापोटी १९,८३२ डॉलर भरायला सांगितले होते. त्यांनी पीक साध्या कॅनोलाच्या भावानेच विकलं होतं आणि त्या जनुकामुळे जादा कमाई झाली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्यांनी हे समजून घ्यायला हवं. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(जे) वनस्पती, तिचा कोणताही भाग आणि बियाणं यांना पेटंट नाकारतं. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याचं कलम ३९ शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा हक्क देतं. तरीही बीटी कापसाच्या जनुकावर मॉन्सँटोला पेटंट मिळालंच. मॉन्सँटो आणि नुझिवीडू ही बियाणं कंपनी यांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१८ मध्ये ते रद्द केलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला आणि पुरावे तपासायला खटला परत पाठवला. २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. बियाण्यातलं जनुक हा वनस्पतीचा भाग की नाही, याचा फैसला त्या खटल्यात झालाच नाही.