विक्रमांचे दफ्तर आणि गूलागाँगचे दोन आठवडे

महिला टेनिसमध्ये सर्वश्रेष्ठ कोण, हा प्रश्न निघाला की रसिक प्रथम ग्रँड स्लॅम स्पर्धांतील एकेरीच्या विजेतेपदांची बेरीज पुढे करतात, आणि मार्गारेट कोर्टची 24, सेरेना विल्यम्सची 23, स्टेफी ग्राफची 22 अशी उतरती भांजणी लावून निकाल देऊन मोकळे होतात. आकडे खरे आहेत, त्यांत तिळमात्र फेरफार करता येणार नाही. परंतु ज्या परिस्थितीत आकडा नोंदला गेला तिच्यापासून तो एकदा तोडला, की खेळाडूच्या कर्तृत्वाविषयी तो अपुरी साक्ष देतो, अशी माझी दृढ धारणा आहे.

कोर्टचेच पाहा. तिच्या 24 विजेतेपदांपैकी 11 तिने स्वदेशी, म्हणजे ऑस्ट्रेलियात मिळवली, आणि त्यांतील 7 तर 1960 ते 1966 या सलग वर्षांत, जेव्हा या स्पर्धांची दारे व्यावसायिकांना बंद होती व युरोप-अमेरिकेतील अनेक नामवंत स्त्रिया इतक्या दूरच्या प्रवासाची यातायात पत्करीत नव्हत्या. एवढ्यावरून तिचे यश हलके लेखणारे टीकाकार पुष्कळ आहेत. मात्र 1968 साली सर्वांना प्रवेश खुला झाल्यानंतर, 1970 मध्ये, याच कोर्टने चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा एका वर्षात जिंकल्या, ही गोष्ट त्यांनी विसरता कामा नये.

ख्रिस एव्हर्टच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. तिच्या खाती 18 विजेतेपदे जमा आहेत. पण 1973 च्या ऑगस्टपासून 1979 च्या मेपर्यंत मातीच्या मैदानावर लागोपाठ 125 सामने जिंकणारी ही अमेरिकन खेळाडू, त्या अजिंक्यपणाच्या ऐन भरात, 1976, 1977 आणि 1978 अशी तीन वर्षे पॅरिसच्या मातीवर उतरलीच नाही, कारण मायदेशातील सांघिक टेनिस स्पर्धेला तिने आपला काळ दिला होता. ऑस्ट्रेलियातील स्पर्धेत ती उभ्या कारकिर्दीत अवघी सहा वेळा खेळली, आणि सहाही वेळा अंतिम फेरीत पोहोचली! त्या वेळच्या खेळाडूंना विजेतेपदांची बेरीज आजच्याइतकी सर्वस्व वाटत नव्हती, हे ध्यानी घेतले म्हणजे एव्हर्टच्या 18 ची सेरेनाच्या 23 शी सरळ तुलना करणे मला न्याय्य वाटत नाही.

शिवाय ही बेरीज बहुधा एकेरीपुरतीच मांडली जाते. लहानमोठ्या सर्व स्पर्धा मिळून एकेरीची 167 आणि दुहेरीची 177 विजेतेपदे मिळवणाऱ्या मार्टिना नवरातिलोव्हाचे निम्म्याहून अधिक कर्तृत्व त्यामुळे रकान्याबाहेर राहते. आणि मुंबईत जन्मलेल्या, हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झाचे दुहेरीतील 91 आठवड्यांचे अव्वल स्थानही तिथे दिसत नाही.

क्रमवारीच्या नोंदींची कथा तर याहून उद्बोधक आहे. 1973 साली स्थापन झालेल्या महिला टेनिस संघटनेने 1975 च्या नोव्हेंबरात संगणकाच्या साहाय्याने क्रमवारी काढण्यास आरंभ केला आणि एव्हर्ट तिच्या शिरोभागी विराजमान झाली. पुढे कित्येक वर्षे दफ्तरात असेच नमूद होते, की 1978 मध्ये नवरातिलोव्हाने ते स्थान हस्तगत करीपर्यंत तिसऱ्या कोणा स्त्रीचा त्याला स्पर्श झाला नव्हता. 2007 च्या डिसेंबरात मात्र संघटनेने जाहीर केले, की त्या काळातील काही तपशील गहाळ राहिल्याने गणना अपुरी झाली होती, आणि वस्तुतः 26 एप्रिल ते 9 मे 1976 हे दोन आठवडे इव्होन गूलागाँग जगात पहिली होती. न्यू साउथ वेल्समधील बॅरेलन या खेड्यात वाढलेल्या, विराजुरी या आदिवासी समाजात जन्मलेल्या या गुणी खेळाडूला आपला हक्क 31 वर्षांनी मिळाला, आणि तोवर दुसरी समजली गेलेली नवरातिलोव्हा क्रमाने तिसरी झाली. सात ग्रँड स्लॅम विजेतेपदे, त्यांतही 1980 साली एका मुलीची आई असताना एव्हर्टला हरवून जिंकलेले विम्बल्डन, ज्याला 1914 नंतर दुसरा दाखला नव्हता, एवढे वैभव पदरी असलेल्या गूलागाँगला त्या दोन आठवड्यांची गरज नव्हती, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. जे मैदानावर कमावले ते दफ्तरी चढलेच पाहिजे.

मग कोर्ट आणि बिली जीन किंग यांचे काय? दोघींच्या ऐन बहराची वर्षे 1975 पूर्वीची, म्हणून अग्रस्थानाच्या आठवड्यांच्या कोष्टकात, जिथे ग्राफ 377 आठवड्यांनी सर्वांच्या पुढे आहे, त्यांच्या नावावर एकही आठवडा नाही. अशा प्रत्येक कोष्टकावर गणना कोणत्या साली सुरू झाली ते ठळक छापावे, आणि विजेतेपदांच्या रकान्याशेजारी खेळाडू किती स्पर्धांत उतरली याचाही रकाना असावा, एवढी या खेळाच्या इतिहासकारांकडे माझी आग्रहाची मागणी आहे.