आमचे गादीवाफे

(इयत्ता चौथी)

गादीवाफा म्हणजे गादीसारखा उंच केलेला वाफा. आपल्या शाळेच्या परसबागेत मेथी आणि पालक आहे, तो गादीवाफाच. यंदा आमच्या घरी कांद्याच्या रोपासाठी असे 40 वाफे केले. ते कसे केले ते मी सांगते.

आपल्या निफाड तालुक्यात उन्हाळ कांद्याचे उळे दिवाळीच्या सुमाराला टाकतात. उळे म्हणजे कांद्याचे बी. ते काळ्या तिळासारखे दिसते, पण फार महाग असते. जुने बी चालत नाही. वर्ष उलटले की ते नीट उगवत नाही. मागच्या साली आमचे उळे सपाट वाफ्यात होते. अवकाळी पाऊस आला आणि वाफ्यात दोन दिवस पाणी साचले. रोपे जमिनीपाशी मऊ झाली आणि आडवी पडली. याला मर म्हणतात. मग आण्णांनी दुसऱ्या गावाहून रोप विकत आणले. ते पैसे ताईच्या सायकलचे होते. ताई अजून हायस्कूलला पायीच जाते.

म्हणून यंदा आण्णा मला म्हणाले, "तुझ्या गुरुजींना विचार, शाळेतला वाफा उंच का करतात?" गुरुजींनी सांगितले की मुळांनाही हवा लागते. पाणी साचले की मातीतली हवा जाते आणि बुरशी वाढते. वाफा उंच असला म्हणजे जादा पाणी बाजूच्या सरीत उतरते.

आधी जागा बघावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. मागच्या डिसेंबरात आम्ही भर दुपारी मैदानात सावली मोजली होती. ती जवळजवळ माझ्याएवढीच लांब होती आणि उत्तरेकडे पडली होती. म्हणून घराच्या किंवा झाडाच्या उत्तरेला वाफा करू नये, तिथे ऊन येत नाही.

जमीन वीतभर खणून ढेकळे फोडली. हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी आजीने आणि मी वेचल्या. हे काम फार कंटाळवाणे आहे, पण एक गाठ राहिली तरी लव्हाळा परत येतो. मग चांगले कुजलेले शेणखत मिसळले. कच्चे शेण घालू नये, त्याने हुमणी होते. शेणखतात ट्रायकोडर्माची पावडर पण मिसळली. तीही बुरशीच आहे, पण चांगली. ती मर करणाऱ्या बुरशीला वाढू देत नाही.

आमचा वाफा 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच आहे. रुंदी 1 मीटरच का? दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचला पाहिजे. माझा पोचतो. वाफ्यावर पाय दिला की माती दबते, मग एवढे खणून काय उपयोग?

आजी पूर्वी उळे फोकायची. यंदा 10 सेंटिमीटरवर रेघा ओढून, अर्ध्या पेराएवढे खोल टाकले. रेघांमुळे खुरपायला सोपे जाते. वरून वाळलेले गवत अंथरले आणि झारीने पाणी घातले. पाटाचे पाणी जोरात सोडले तर बी वाहून जाते. नवव्या दिवशी वाकलेल्या सुईसारखे कोंब दिसले. तेव्हा गवत संध्याकाळी काढले, म्हणजे कोवळ्या कोंबांना एकदम ऊन लागत नाही.

आपल्याकडे थंडी कडक असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात कधी कधी पारा 5 अंशांच्याही खाली जातो. थंडीत माती लवकर वाळत नाही, म्हणून रोज पाणी देऊ नये. बोट खुपसून पाहावे. वाफ्याच्या कडा मात्र आधी वाळतात. पाणी सकाळी ऊन आल्यावर द्यावे. संध्याकाळी दिले तर पाने रात्रभर ओली राहतात. फारच गारठा असला तर आजी पहाटे वाऱ्याच्या बाजूला पालापाचोळा पेटवते. धूर वाफ्यांवर पसरतो आणि मला शेकायला मिळते.

आज उळे टाकून 43 दिवस झाले. मेलेली रोपे मी रोज मोजते. आतापर्यंत सगळी मिळून 26 झाली. आण्णा म्हणतात, एवढी जायचीच. आता पाणी कमी केले आहे, त्याने रोप काटक होते. उपटायच्या आदल्या दिवशी मात्र भरपूर द्यायचे, म्हणजे मुळे तुटत नाहीत. नाताळच्या सुट्टीत लागण आहे.

40 वाफ्यांचे रोप 10 गुंठ्यांना पुरते. आमचे रान 8 गुंठेच आहे. उरलेले रोप विकायचे आहे. कोणाला पाहिजे असेल तर आण्णांना विचारावे.