घाट ‘टायरिंग’, धावपटू ‘टायर्ड’. मग थकलेल्या ऊसबिलाला काय म्हणायचं?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून आल्यावर ‘आय अ‍ॅम व्हेरी टायरिंग’ म्हणालात, तर अर्थ होतो ‘मी लोकांना फार दमवतो’. मराठीत दमणे वेगळं, दमवणे वेगळं. इंग्रजीत ‘टायर’ हे एकच क्रियापद दोन्ही कामं करतं. म्हणून घाट ‘टायरिंग’ आणि आपण ‘टायर्ड’.

‘एक्झॉस्ट’ मात्र फक्त दमवतं. त्याचं लॅटिन मूळ ‘उपसून काढणे’. गाडीचा धूर बाहेर काढणारा एक्झॉस्ट तोच. त्यामुळे ‘आय एक्झॉस्टेड’ नाही, ‘आय अ‍ॅम एक्झॉस्टेड’. ‘वेअर आऊट’ सोपं: बूटही झिजतात, माणूसही.

खरी पंचाईत सांगलीत. इथे माणसाआधी ऊसबिल थकतं! इंग्रजीत पैसे ‘टायर्ड’ होत नाहीत. कारखान्याला ई-मेल करताना ‘ओव्हरड्यू’ लिहा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पंधराव्या दिवसापासून बिल ‘ओव्हरड्यू’, आणि त्यावर वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूदही त्याच आदेशात आहे. मेलमध्ये तेही मागा.