विशेष शाळेचे नवे वर्ष आणि घरातील आजी-आजोबा

मृगाची पहिली सर आली की जामनेर परिसरात दोन लगबगी एकदमच सुरू होतात. शेतात कपाशीच्या लागवडीची आणि घरात शाळेच्या दप्तराची. मुलगा आणि सून शेतावर गेलेले असतात, त्यामुळे नातवंडाची शाळेची तयारी पुष्कळदा आजी-आजोबांच्याच हाती येते. ते नातवंड बौद्धिक दिव्यांग असेल, स्वमग्न असेल किंवा त्याला सेरेब्रल पाल्सी असेल, तर या तयारीला निराळेच गांभीर्य येते. सुटीत अंगवळणी पडलेला सारा दिनक्रम अशा मुलासाठी एका सकाळी बदलून जातो.

त्यातच शाळा वाढत असेल तर बदल आणखी मोठा असतो. नवी वर्गखोली, नवे शिक्षक, नवे सोबती, गाडीची नवी वेळ. संस्थेसाठी ही आनंदाची गोष्ट असते; मुलाचा मात्र ओळखीचा कोपरा हरवतो. ‘पूर्वीची लहान शाळाच बरी होती,’ असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे.

शाळा वाढते, ती कशासाठी?

थोडे मागे वळून पाहू. १९४४ साली मुंबईत होर्मसजी आणि जेरबाई वकील या दांपत्याला डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी शाळाच सापडली नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच एक शाळा सुरू केली. एका मुलीच्या गरजेतून जन्मलेल्या, शिवडी येथील त्या जय वकील शाळेत आज शेकडो मुले शिकतात. तिथे आकाराला आलेला ‘दिशा’ हा अभ्यासक्रम शासनाच्या सहकार्याने राज्यातील इतर विशेष शाळांपर्यंतही पोहोचला आहे. शाळा एका मुलीपुरतीच राहिली असती, तर हे घडले नसते.

लहान शाळेत माया असते, परंतु वाचा-उपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट किंवा व्यवसायपूर्व प्रशिक्षण यांची सोय होण्यासाठी शाळेला वाढावेच लागते. म्हणून वाढीला विरोध करण्यापेक्षा, त्या वाढीत मुलाचा हात धरून चालणे हेच आपले काम आहे. नवे शिक्षक आले असतील, तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हे मोकळेपणाने विचारावे. तो आपला अधिकार आहे, आणि चांगल्या शाळेला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

दोन आठवडे आधीपासून

शाळा उघडण्याच्या दोन आठवडे आधीपासून उठण्याची, स्नानाची आणि न्याहारीची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणावी. शक्य असल्यास एका निवांत दिवशी मुलाला नवी वर्गखोली, पाण्याची जागा आणि स्वच्छतागृह दाखवून आणावे. मोबाइलवर त्यांची छायाचित्रे काढावीत आणि रोज रात्री क्रमाने दाखवावीत: आधी गाडी, मग फाटक, मग बाई, मग डबा, मग घर. जे मूल शब्दांनी समजत नाही, ते चित्रांच्या क्रमाने समजू शकते. ‘घर’ हे शेवटचे चित्र कधीही वगळू नये; परत येणार आहोत, ही खात्री त्यातूनच मिळते.

नव्या शिक्षकांसाठी एक पानभर चिठ्ठी लिहावी. मुलाला काय आवडते, कशाची भीती वाटते, तहान लागली किंवा लघवीला जायचे असले की ते कोणती खूण करते, कोणते औषध किती वाजता घ्यायचे, हे सारे तीत असावे. आकडी येत असेल तर हेही ठळकपणे लिहावे: मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आकडी पाच मिनिटांपेक्षा अधिक टिकली तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत मूल रडेल, झोपणार नाही, कदाचित स्वतःचा हात चावेल. हा हट्ट नव्हे. सांगता न आलेली भीती त्यातून बोलत असते. मात्र कान, दात किंवा पोट दुखत असले तरीही मूल असेच वागू शकते. म्हणून वागणे अचानक बदलल्यास एकदा डॉक्टरांना अवश्य दाखवावे. फाटकापाशी निरोप थोडक्यात घ्यावा. आपण रेंगाळलो की मुलाला वाटते, इथे खरोखरच काही धोका आहे.

आपली प्रकृतीही सांभाळावी

मोठ्या झालेल्या नातवंडाला उचलताना कंबरेतून वाकू नये. गुडघे वाकवून, त्याला अंगाजवळ घेऊन उचलावे. मुलाच्या औषधांबरोबरच स्वतःच्या रक्तदाबाची गोळीही डोळ्यांसमोर ठेवावी. मूल शाळेत असताना मिळणारे तास केवळ घरकामात घालवू नयेत. त्यांतला एक तास विश्रांतीचा असावा, आणि त्यात अपराधी वाटण्याजोगे काही नाही. तपासणीसाठी किंवा प्रमाणपत्रासाठी जळगावला जावे लागल्यास, राज्यात एसटीने ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना मोफत आणि ६५ ते ७५ वयोगटातील ज्येष्ठांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. दिव्यांग मुलासाठीही सवलत असते. ओळखपत्रे सोबत असू द्यावीत.

आमच्यानंतर काय?

आपल्यापैकी अनेकांना रात्री जागे ठेवणारा प्रश्न हाच आहे. त्याचे काही उत्तर कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार, किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडीलही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याविषयी घरातील सर्वांनी वेळीच बसून बोलावे.

परंतु उत्तराचा उरलेला भाग कोणत्याही कागदावर मिळत नाही. ज्या मुलाने आजीखेरीज कुणाच्याच हातून घास घेतलेला नाही, ते आजी नसताना उपाशी राहते. ज्याने नव्या बाईंच्या हातून पाणी प्यायला शिकले, त्याला पुढेही कुणीतरी पाणी पाजू शकेल. वाढत्या शाळेतला प्रत्येक नवा चेहरा म्हणजे त्या दिवसाची लहानशी तालीम आहे.

म्हणून यंदा शाळेच्या फाटकापाशी तो छोटा हात आपल्या हातातून सुटेल, तेव्हा डोळे भरून आले तरी भरू द्यावेत. मात्र हात सोडावा, आणि परत नेण्यासाठी अगदी वेळेवर तिथे उभे राहावे.